गप्पांच्या सर्व्हरसाठी सॉकेट-क्लास

प्रश्न : प्रत्येक जोडणीस स्वतंत्र थ्रेड न देता गप्पांच्या सर्व्हरसाठी सॉकेटचा क्लास कसा रचावा?
– एक विद्यार्थी, इंदापूर

उत्तर : नीरा डाव्या कालव्यावरील पाटकरी ज्याप्रमाणे एकाच बागायतदाराच्या बांधावर तिष्ठत न बसता अनेकांच्या पाळ्या सांभाळतो, त्याप्रमाणे एकाच थ्रेडने लिनक्सच्या ईपोलकडून वर्दी घेऊन, जो सॉकेट सिद्ध असेल त्याचेच काम करावे, यास्तव प्रत्येक सॉकेट नॉन-ब्लॉकिंग असणे अनिवार्य आहे. क्लासने जोडणी, आवक, लेखनास वाव आणि समाप्ती एवढ्याच घटना कळवाव्यात. सदस्यांचे दफ्तर सर्व्हरकडेच असावे.

टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह असल्यामुळे एका वाचनात कधी अर्धाच निरोप, तर कधी तीन निरोप एकत्र येतात, याकडे नवशिक्यांचे दुर्लक्ष होते याची मला खंत वाटते. म्हणून प्रत्येक निरोपापूर्वी 4 बाइटांत त्याची लांबी लिहावी, तिला कमाल मर्यादा घालावी आणि निरोप पूर्ण होईपर्यंत आवक बफरमध्ये राखावी. जावक बाजू अधिक नाजूक आहे : जे बाइट पाठवून उरतील ते बफरमध्ये ठेवून तेवढ्यापुरतीच लेखनघटना मागावी, आणि मंद मोबाइल जोडणीवरील एखाद्या सदस्याची थकबाकी मर्यादेपलीकडे गेल्यास, सर्व्हरची स्मृती व्यापली जाऊ नये म्हणून, ती जोडणी तोडावी.

ऑब्जेक्ट मात्र स्वतःच्याच कॉलबॅकमध्ये नष्ट करू नये. त्यावर खूण करून, घटनांची चालू फेरी आटोपल्यावरच तो काढावा.