चुंबकाने पंचगंगा निवळेल का?

प्रश्न : आम्ही मूळचे पंचगंगेकाठच्या इचलकरंजीचे, सध्या बहरैनमध्ये अदलियाला राहतो. मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी ‘चुंबकीय नॅनोकणांनी रंगाचे पाणी साफ करणे’ हा विषय मिळालाय. तिने दाखवलेल्या व्हिडिओत निळ्या पाण्यात काळी पूड टाकतात, बाटलीला चुंबक लावतात आणि पाणी नितळ होते. इतके सोपे असेल तर आपल्याकडच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचे पाणी असे का साफ करत नाहीत?
– एक वाचक, अदलिया

उत्तर : व्हिडिओ खोटा नाही. फक्त बाटलीत जे चालते ते नाल्यावर चालेलच असे नाही.

ती काळी पूड म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचा ऑक्साइड. लहानपणी वाळूत चुंबक फिरवला की त्याला काळ्या मिशा फुटायच्या, त्यातलाच हा प्रकार. फक्त कण जेमतेम 10 नॅनोमीटरचे. एवढ्या बारीक कणांच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण 100 चौरस मीटर भरतो. म्हणजे चिमूटभर पुडीत हजार चौरस फुटांचा फ्लॅट! रंग कणाच्या आत मुरत नाही, या पृष्ठभागाला चिकटतो. गंमत पुढे आहे. इतके छोटे कण चुंबक जवळ आणला की खेचले जातात आणि दूर नेला की आपले चुंबकत्व सोडून देतात. म्हणून ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, धुऊन पुन्हा वापरता येतात. कोळशाची पूडही रंग धरते, पण ती पाण्यातून परत काढताना नाकी नऊ येतात. चुंबकाची खरी करामत इथे आहे.

आता प्रोसेसच्या पाण्याकडे या. सुती कापडाला लावतात ते रिअॅक्टिव्ह रंग. त्यांचा बराच भाग कापडावर बसतच नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. मॅग्नेटाइट आम्लधर्मी पाण्यात धनभारित असते आणि असे रंग झटकन ओढते. अल्कधर्मी पाण्यात मात्र तेच कण त्यांना दूर लोटतात. रंगाईत सोडा वापरतात, त्यामुळे बाहेर पडणारे पाणी नेमके अल्कधर्मी! आधी त्यात आम्ल ओता, मग कण टाका, मग चुंबक. खर्च इथूनच चढायला लागतो.

दुसरी अडचण मिठाची. गडद रंग बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात लिटरला 50 ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त मीठ घालतात. समुद्राच्या पाण्यात ते साधारण 35 ग्रॅम असते. चुंबक रंग नेईल, मीठ जागच्या जागी राहील. पाणी दिसायला निर्मळ आणि शेताला घातक. मीठ काढायचे तर रिव्हर्स ऑस्मोसिस हवे. ते तुम्हाला परके नाही. बहरैनमध्ये रास अबू जर्जूरला 1984 पासून खारट भूजल त्याच रीतीने गोडे केले जाते.

तिसरी गोष्ट व्हिडिओत कोणी दाखवत नाही. कणांवरचा रंग नष्ट झालेला नसतो, त्याने फक्त जागा बदललेली असते. कण धुतले की तोच रंग, अधिक दाट होऊन, धुणाच्या पाण्यात उतरतो. त्यावर एक उपाय आहे : हायड्रोजन पेरॉक्साइड घालून याच लोखंडाकरवी रंगाचे रेणू तोडायचे. मला ही वाट जास्त आशेची वाटते.

आज आपल्याकडे चुना, तुरटी किंवा हिराकस घालून रंग गाळात बसवतात, मग जिवाणूंवर सोपवतात. हिराकस लोखंडाचाच क्षार, आणि मॅग्नेटाइट बनवायलाही तो चालतो. पण तो स्वस्त आणि पोत्यांनी मिळणारा, नॅनोकण तसे नाहीत. शिवाय जिथे आहे ती यंत्रणाच नीट चालवली जात नाही, तिथे नव्या पुडीने काय होणार? ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्याला कासाडी नदीच्या परिसरात कारखान्याच्या रंगाने चक्क निळी झालेली कुत्री फिरताना दिसली होती. तिथे उणीव शोधाची नव्हती, धाकाची होती.

तेव्हा माझे उत्तर असे : नदीत पूड टाकून पंचगंगा निवळणार नाही. कारखान्याच्या आत, नेहमीची प्रक्रिया झाल्यावर उरलेला रंग टिपायला ही पद्धत कामाची ठरू शकते.

मुलीला एक सुचवा. मिथिलीन ब्लूच्या पाण्याच्या तीन बाटल्या घ्यायच्या : एक साधी, एकीत मीठ, एकीत व्हिनेगर. तिन्हीत सारखीच पूड टाकून कुठे किती निळा रंग उरतो ते पाहायचे. पूड कोरडी उडवू नका, पाण्यात कालवूनच वापरा, आणि हे सगळे बाईंच्या देखरेखीखाली शाळेतच होऊ द्या. जे दिसेल ते आम्हाला जरूर कळवा.