पंचगंगेचा पूर आणि आपले रस्ते

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येते आणि पंचगंगा होते. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. सह्याद्रीवरून वेगाने उतरलेले हे पाणी सपाटीवर आले की मंदावते व पात्राबाहेर पसरते. त्यातच कृष्णा फुगलेली असली, तर नृसिंहवाडीच्या संगमाशी पंचगंगा तुंबते आणि फुगवटा मागे सरकत येतो. तेव्हा काठची मळी ही वस्तुतः नदीचीच जागा होय. वर्षातले काही दिवस ती वापरते, एरवी आपण.

राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्याही वर.

रस्ते बंद होण्यालाही एक क्रम आहे. आधी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बुडतात. ते बांधले पाणी अडवण्यासाठी, पण त्यांच्या माथ्यावरून गावे एकमेकांकडे जातात. बंधारा बुडाला की पलीकडच्या गावाला मोठा वळसा पडतो. मग 'रेडेडोह फुटला' अशी बातमी येते आणि पन्हाळ्याकडचा रस्ता जातो. शेवटी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग. २०१९ मध्ये तो आठवडाभराच्या आसपास बंद होता. शहरात पेट्रोल राखून ठेवावे लागले, ट्रकांच्या रांगा लागल्या. वर्तमानपत्रांतून छायाचित्रे आली ती बहुधा या रांगांचीच.

मला मात्र पहिल्या पायरीवरचे नुकसान अधिक विचार करण्याजोगे वाटते. म्हैस पुरातही दोन वेळा दूध देते. गाडी आली नाही, तर ते दूध ओतून द्यावे लागते. ऊस काही दिवस पाण्यात तग धरतो, पण शेंडा बुडून राहिला की कुजतो. आणि जनावरे असलेले कुटुंब लवकर घर सोडत नाही. रस्ता चालू आहे तोवर म्हशी हाकत नेता येतात. तो बुडाल्यावर नाव येते, पण नावेत माणसे बसतात, म्हशी बसत नाहीत. म्हणून 'वेळेवर का निघाले नाहीत?' हा प्रश्न विचारणाऱ्याने त्या गावचा रस्ता कोणत्या तासाला बुडाला, हे आधी विचारावे.

प्रत्येक पुरानंतर 'रस्ता उंच करा' अशी मागणी होते. ती स्वाभाविक आहे. परंतु पूरमैदानात आडवा मातीचा भराव घातला म्हणजे एका परीने धरणाची भिंतच घातली. सर्व बाजूंनी पसरून जाणाऱ्या पाण्याला मग पूल व मोऱ्या एवढ्याच वाटा उरतात, आणि भरावाच्या वरच्या अंगाला पातळी चढते. गाड्या कोरड्या राहतात. चढलेले पाणी आंबेवाडी-चिखलीसारख्या गावांच्या घरांत शिरते. पूर मुळात अतिवृष्टीचा, हे खरेच. एकट्या रस्त्यावर दोष ठेवणे मला पटत नाही. पण चढलेला प्रत्येक फूट कुणाच्या तरी उंबऱ्यावर मोजला जातो.

यासाठी मळीतून जाणारा भाग खांबांवर उचलावा, असे माझे मत आहे. खर्च जास्त येईल. जेथे ते जमणार नाही, तेथे मोऱ्या किती व किती रुंद, हे नदीचा पसारा पाहून ठरवावे. आणि असलेल्या मोऱ्यांतला गाळ व पाचट मृगाच्या आधी काढावे. त्याला तर फारसा पैसाही लागत नाही.