घसरलेला क्लब वर्षभरात परत कसा येतो?

प्रश्न : रात्री जागून मोबाइलवर इंग्लंडमधले फुटबॉल सामने पाहतो. खालच्या श्रेणीत गेलेले क्लब पुढच्याच वर्षी वर कसे येतात? आपल्याकडे असं कधी झालंय का? – एक वाचक, आष्टी (जि. बीड)

उत्तर : झालंय की, गोव्यात! पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला धेंपो २०१५ मध्ये आय-लीगमधून घसरला. खरं तर तळाला पुण्याचा भारत एफसी होता. पण थेट प्रवेश मिळालेल्या नव्या संघाला सूट होती, म्हणून गंडांतर धेंपोवर आलं. २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून त्यांनी जागा परत मिळवली आणि लीगच्या प्रस्तावित फेररचनेला विरोध म्हणून स्वतःच सोडली. मग आय-लीगमध्ये परतायला २०२४ उजाडलं.

इंग्लंडमध्ये मुख्य आधार पैशाचा. प्रीमियर लीगमधून पडलेल्या क्लबला प्रक्षेपण हक्कांच्या समान वाट्यातले पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ टक्के मिळतात. खालच्या श्रेणीतल्या बाकीच्यांना हे नशीब कुठलं? शिवाय अनेक करारांत घसरण झाली की पगार कापायची अट आधीच लिहिलेली असते. महागडे खेळाडू विकायचे ते लवकर. ऑगस्टअखेरपर्यंत घोळ चालला की संघ बसत नाही, आणि सामने तब्बल ४६. माझ्या मते गोल करणारा एक भरवशाचा गडी राखणं सगळ्यांत मोलाचं.

बर्नलीचंच पाहा: २०२२ मध्ये खाली, २०२३ मध्ये १०१ गुणांसह वर, २०२४ मध्ये पुन्हा खाली, २०२५ मध्ये पुन्हा वर.