हौस हत्यारांची

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर चार स्क्रू आणायला गेलेला माणूस चार स्क्रू घेऊन परतला, असं सहसा होत नाही. मागच्या भिंतीवर मापाच्या क्रमाने टांगलेले पाने असतात, काउंटरवर ड्रिलची पेटी उघडी असते. दुकानदार म्हणतो, "घेऊ नका, नुसतं हातात धरून बघा." झालं! प्रस्तुत लेखक याच जमातीतला. कपाटाचे खालचे दोन खण आणि बाल्कनीतली एक लोखंडी पेटी भरल्यावर घरच्यांनी "याचं नेमकं काय करणार?" हा प्रश्न विचारणंही सोडून दिलं आहे.

हा आनंद खोटा नाही. धार नीट लावलेला रंधा सागवानावरून सरकतो आणि पात्यातून कुरळी, आरपार दिसेल इतकी पातळ साल बाहेर येते, तेव्हा फळी सपाट झाली की नाही याच्याशी देणंघेणंच उरत नाही; माणूस आणखी चार हात मारतो. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने विजेवर चालणारं हातातलं ड्रिल 1895 साली बनवलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली चाप असलेल्या ड्रिलचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला 1917 साली अमेरिकेत मिळालं. तेव्हा कारखान्यात राहणारी ही वस्तू आज दोन खोल्यांच्या घरात पलंगाखाली असते. आपल्याकडेही या धंद्याची मुळं आहेत: टापरियाच्या पकडी नाशिकच्या सातपूरच्या, तर केपीटीची (पूर्वीच्या कुलकर्णी पॉवर टूल्सची) मशिनं कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळची.

पण हौशी माणसाचं लक्ष मशिनावर असतं आणि काम करतं ते मशिनाच्या पुढचं टोक. बिट, पातं, चकती, पटाशीची धार! बहुतेक वाया गेलेले पैसे आणि बहुतेक जखमा या एका विसरण्यातून येतात. अडीच हजारांचं ड्रिल घेणारा बिट मात्र फुटपाथवरून उचलतो. लेखकाचं मत विचाराल तर उलट करावं: मशीन मधल्या भावातलं चालेल, बिट आणि पाती मात्र चांगलीच घ्यावीत.

ग्राइंडरपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घात तोच करतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. हिशेब केला तर चकतीच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. चार इंची कटिंग चकतीवर सहसा 15,300 ही फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते, म्हणजे इथवर सगळं ठीक. सात इंची चकतीवर हाच आकडा 8,500 असतो. "मोठी चकती लावली की खोल कापतं" म्हणत गार्ड काढून ती चार इंची मशिनावर चढवणारे कारागीर कुठल्याही बांधकामावर दिसतात. तिचं भोकही मोठं, 22 मिलिमीटरचं. चार इंचीचं 16. मधली फट कसल्याशा वायसरने भरली की डगमगणारी चकती मर्यादेच्या कितीतरी पुढे पळू लागते. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरवर लावणं हे तर त्याहून वाईट. दात लाकडात अडकला की मशीन हातातून उसळतं, आणि उसळतं ते चालवणाऱ्याच्या दिशेने.

लेखकाच्या सोसायटीत खिडक्यांना ग्रिल बसवण्याचं काम चाललं होतं. फॅब्रिकेटर लोखंडी अँगल कापत असताना फटाक्यासारखा आवाज झाला. त्याने मशीन बंद करून पालथं धरलं. चकतीचा जवळजवळ अर्धा भाग नव्हता आणि गार्डच्या पत्र्याला आतून पोचा आला होता. रंग उडून नवं, चकचकीत लोखंड दिसत होतं. गार्डमागे त्याचा डावा हात होता. त्याने खिशातून दुसरी चकती काढली, बसवली आणि कामाला लागला. मशीन नवं होतं म्हणून गार्ड जागेवर होता, एवढंच.

चकती फुटायचं एक कारण आपल्या हवेत आहे. या चकत्या राळेने बांधलेल्या असतात आणि राळ ओल धरते. चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. बनवल्यापासून साधारण तीन वर्षांची ही मुदत. लोक औषधाच्या पाकिटावरची तारीख बघतात, चकतीवरची बघत नाहीत. कोकणात किंवा मुंबईत उघड्या बाल्कनीत दोन पावसाळे काढलेली चकती तारखेत असली तरी वापरू नये.

ड्रिलचे धोके छोटे, पण रोजचे. कापडी हातमोजे घालून ड्रिल चालवू नये. फिरत्या बिटात एक धागा अडकला की तो बोटासकट मोजा ओढून घेतो. चक आवळायची चावी चकमध्येच राहिली आणि बटण दाबलं, तर ती कुठे जाईल याचा नेम नसतो. भिंतीत स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नये, कारण वायरिंगचे पाइप बहुधा त्याच रेषांत असतात. बाथरूमच्या भिंतीत गीझरचे पाइपही असेच लपलेले असतात. टाइलवर आधी चिकटपट्टी लावावी आणि टाइल पार होईपर्यंत हॅमरचं बटण बंदच ठेवावं.

आणि बीम? "मशीन बोगस निघालं, बीमला भोकच पडत नाही" ही तक्रार घराघरात ऐकू येते. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात. ते ठोके हलके असतात आणि चालवणाऱ्याच्या जोरावर अवलंबून असतात. रोटरी हॅमरमध्ये दट्ट्या हवेच्या दाबाने स्वतःच ठोकतो. बीमच्या आरसीसी काँक्रीटला तोच लागतो. वर्षाकाठी चार भोकं पाडायची असतील तर तो विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणावा, नाहीतर सोसायटीत मिळून एक घ्यावा. अमेरिकेत बर्कलीच्या सार्वजनिक वाचनालयात 1979 पासून पुस्तकांसारखी हत्यारंही घरी न्यायला मिळतात. आपल्याकडच्या सोसायट्यांना हे काही अवघड नाही. भांडण होईल ते फक्त दुपारी एक ते चारमध्ये मशीन चालवायचं की नाही यावर.

विजेबद्दल दोन गोष्टी. ड्रिलला दोनच पिनांचा प्लग असला म्हणजे कंपनीने फसवलं असं नाही. मशिनावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंगची गरज नाही. पण जुन्या बाजारात मिळणारं धातूच्या अंगाचं, दोन वायरींचं जुनं ड्रिल कितीही देखणं असलं तरी ते शोकेसमध्ये ठेवावं. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का आणि त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो का, हे आजच बघावं. शिवाय 1,400 वॉटचा मार्बल कटर टीव्हीच्या छोट्या सॉकेटवर चालवू नये, आणि एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवू नये. ती आतल्या आत तापते.

बॅटरीवरच्या मशिनांनी संग्राहकांना नवंच वेड लावलं आहे. इथे फसवणूक डब्यावरच्या आकड्यात असते. पाच लिथियम सेल एका ओळीत जोडले की 18 व्होल्ट होतात. त्याच पाच सेलना पूर्ण चार्ज असताना 20 म्हणता येतं. म्हणजे "18" आणि "20 मॅक्स" यांत फरक काहीच नाही. स्वस्त मशिनांवर मात्र 48 आणि 88 असे आकडे रंगवलेले असतात. त्यांना भुलू नये, आत किती सेल आहेत ते विचारावं. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशिनात बसत नाही, तेव्हा पहिलं मशीन घेताना आपण पुढच्या पाच मशिनांची कंपनी ठरवत असतो. सहा महिने काम नसेल तर बॅटरी अर्धी चार्ज करून सावलीत ठेवावी.

हातातली हत्यारं निरुपद्रवी वाटतात, पण बिनमुठीची कानस निसटली की मागचा टोकदार शेपटा थेट तळव्यात घुसतो. वीस-तीस रुपयांची लाकडी मूठ बसवून घ्यावी. ठोकून ठोकून छिन्नीचं डोकं फुलासारखं पसरलं असेल तर त्याचे तुकडे डोळ्यात उडतात. ते घासून सरळ करावं. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त कापते, कारण तिच्यावर जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात थांबत नाही. आणि दुसऱ्या हाताने लाकूड धरण्यापेक्षा ते बांधून ठेवणारा व्हाइस आधी घ्यावा. लेखकाच्या मते घरातलं पहिलं मोठं हत्यार ड्रिल नसून व्हाइस असावं. तो सेल्फीत चांगला दिसत नाही म्हणून मागे पडतो.

चष्मा आणि मास्क हे तर या यादीतले अनाथ. टाइल किंवा काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते; तिथे रुमाल कामाचा नाही, एन-95 मास्क लागतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतो. त्यांना घरी भोक पाडायच्या फंदात पडूच नये.

या खंडेनवमीला हत्यारं पुसून पूजेला मांडाल तेव्हा हळदकुंकवाआधी एकेक हातात घेऊन बघा: हातोडीचं डोकं दांड्यात हलतंय का, वायर कुठे सोलली आहे का, ग्राइंडरचा गार्ड जागेवर आहे का. चकतीच्या कड्यावरची तारीख वाचा. मुदत संपलेली चकती कचऱ्यात टाकण्याआधी मोडून तिचे दोन तुकडे करा. अख्खी टाकलीत तर कुणीतरी ती उचलून वापरेल.