सिलिकॉनवरील प्रकाशवाटा

माल पिकविण्यास जसा खर्च येतो तसा तो वाहून नेण्यासहि येतो, हें वऱ्हाडांतील कापूस पिकविणाऱ्या लोकांस नव्यानें सांगावयास नको. मुंबईकडील लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. त्यापूर्वीं या मुलखांतील माल बंजारी तांड्यांच्या बैलांवर व गाड्यांवर लादून दूरदूर जात असे. या वाहतुकींत अडचण अशी कीं, ओझें वाहणारा बैलच वाटेंत चारा खाई. वाट जितकी लांब तितका चारा अधिक. आणि तांडा घाईनें हांकावा तर बैल लवकर थकत. आज आर्णीसारख्या गांवीं मोबाइलवर जी माहिती क्षणोक्षणीं येते, तिच्या वाहतुकीसहि हाच नियम लागू आहे. येथें बैलाच्या जागीं तांब्याची तार आहे व चाऱ्याच्या जागीं वीज. ही वीज कशी वांचवावी याचा शोध करितां करितां शास्त्रज्ञांनीं सिलिकॉन फोटॉनिक्स, म्हणजे सिलिकॉनच्या चिपवर प्रकाश खेळविण्याची विद्या, उभी केली. तिचा परिचय विद्यार्थ्यांस व पालकांस करून द्यावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही माहिती राहते कोठें तें पाहूं. ती हवेंत तरंगत नसते. मोठमोठ्या इमारतींत हजारों संगणक फडताळांत ओळीनें मांडून ठेविलेले असतात. या इमारतींस डेटा सेंटर म्हणतात. आपल्या राज्यांत ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या बाजूस अशीं अनेक डेटा सेंटरें आहेत. समुद्रतळावरून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्यास लागतात, हें त्याचें एक कारण होय. मुंबईहून एडनकडे समुद्रांतून पहिली तार गेली ती १८७० सालीं. म्हणजे निरोपांचें बंदर ही मुंबईची ख्याति जुनीच आहे. बाहेरून आलेल्या एका प्रश्नाचें उत्तर सिद्ध होण्यापूर्वीं या इमारतीच्या आंतल्या आंत अनेक यंत्रांमध्यें निरोपांची देवघेव होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामीं तर हजारों यंत्रें एकच गणित वांटून घेतात, व एकमेकांची उत्तरें येईपर्यंत त्यांस थांबून राहावें लागतें. तेव्हां गणित करण्याच्या वेगाइतकाच निरोप पोंचण्याचा वेगहि महत्त्वाचा ठरतो.

तांब्याच्या तारेंतून विजेचे ठोके पाठविण्याची रीत जुनी व खात्रीची आहे. परंतु ठोके जसजसे जलद होतात, तसतसा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळील पातळ थरांतूनच वाहूं लागतो. वाट अशी अरुंद झाली कीं अडथळा वाढतो, तार तापते, आणि ठोका पुढें जातां जातां क्षीण होतो. तारांच्या एका जोडींतून सेकंदास १०० अब्ज अंक पाठवावयाचे म्हटलें, तर दोन-तीन मीटरांपलीकडे तो निरोप नीट ओळखूं येत नाहीं. पुढें न्यावयाचा तर मध्यें त्यास पुन्हां बळ द्यावें लागतें, व त्यास आणखी वीज हवी. तापलेलीं यंत्रें थंड ठेवण्यास वीज लागते ती निराळीच.

प्रकाशाची गोष्ट वेगळी आहे. पूर्ण आंतरिक परावर्तनाचा पाठ आमच्या विद्यार्थ्यांनीं वाचला असेल. घन माध्यमांतून विरल माध्यमाकडे प्रकाश फार तिरपा आला, तर तो बाहेर न पडतां आंतच परततो. याच गुणाच्या बळावर पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदर सिंग कपानी व त्यांचे गुरु हॅरोल्ड हॉपकिन्स यांनीं १९५४ सालीं लंडन येथें कांचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र पलीकडे नेऊन दाखविलें. कांच पुरेशी शुद्ध केली तर तींतून निरोप दूरवर धाडतां येतील, हें चार्ल्स काओ यांनीं १९६६ सालीं प्रतिपादिलें. त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर चालतो. आर्णीपासून नवी मुंबई सरळ रेषेनें सुमारें ५०० किलोमीटर आहे. एवढा पल्ला तो सेकंदाच्या चारशेव्या भागांत गांठतो.

मग अडचण कोठें राहिली? ती दाराशीं राहिली. संगणकाच्या चिपला प्रकाशाची भाषा येत नाहीं. तिला विजेचीच भाषा कळते. म्हणून तंतूच्या दोन्ही टोकांस दुभाष्या ठेवावा लागतो, व चिपपासून त्या दुभाष्यापर्यंत पुन्हां तांब्याचीच वाट तुडवावी लागते. हा दुभाष्या पूर्वीं निरनिराळे सुटे भाग जुळवून करीत. तो महाग पडे व जागाहि फार अडवी. ज्या सिलिकॉनवर चिप घडते, त्याच सिलिकॉनवर हा दुभाष्या घडवितां आला तर? सिलिकॉन फोटॉनिक्सचा उगम या प्रश्नांत आहे.

सिलिकॉन आपल्या डोळ्यांस अपारदर्शक दिसतें. परंतु १.३१ व १.५५ मायक्रॉन लांबीच्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त लहरींस तें पारदर्शक आहे. आणि कांचतंतूंत याच लहरी वापरतात. सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारें ३.५, तर त्याच्या भोंवतीं ठेवलेल्या सिलिकॉन ऑक्साइडचा सुमारें १.४४ असतो. एवढें अंतर असल्यामुळें अर्ध्या मायक्रॉनच्या वाटेंतहि प्रकाश कोंडून राहतो, आणि लहानसें वळणहि निमूट घेतो. मनुष्याच्या केसाची जाडी या वाटेच्या शंभर ते दोनशें पट भरेल.

वाट झाली, आतां तीवर अक्षरें कशीं लिहावीं? प्रकाशाची एक वाट फोडून दोन कराव्या व पुढें पुन्हां एकत्र आणाव्या. दोन्ही लाटांचे उंचवटे एकाच वेळीं पोंचले तर प्रकाश दिसतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला तर दोन्ही मावळतात व अंधार होतो. सिलिकॉनमधील विद्युत्कणांची संख्या बदलली कीं त्याचा अपवर्तनांक किंचित् बदलतो, हें रिचर्ड सोरेफ व ब्रायन बेनेट यांनीं १९८७ सालीं मांडलें. म्हणून एका वाटेस विजेचा अल्प दाब दिला कीं तिची लाट मागेंपुढें सरते. प्रकाश म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य. एवढ्या दोन खुणांवर सारा निरोप लिहितां येतो. इंटेल कंपनीच्या संशोधकांनीं २००४ सालीं ही उघडझांप सेकंदास १ अब्जाहून अधिक वेळां करून दाखविली.

सिलिकॉनचें एक उणें मात्र आहे. तें प्रकाश वाहून नेतें, पण स्वतः नीटसें प्रकाशत नाहीं. दिलेली शक्ति बहुतेक उष्णतेंतच दवडतें. यास्तव इंडियम फॉस्फाइड नांवाच्या दुसऱ्या द्रव्याचा दिवा त्यास जोडावा लागतो. कॅलिफोर्नियांतील सांता बार्बरा येथील विद्यापीठ व इंटेल यांनीं २००६ सालीं असा जोडदिवा सिद्ध केला. पलीकडच्या टोकास प्रकाश टिपून त्याची पुन्हां वीज करण्याचें काम जर्मेनियम करितें. २०१६ सालापासून सेकंदास १०० अब्ज अंक धाडणारीं अशीं यंत्रें डेटा सेंटरांसाठीं विकलीं जाऊं लागलीं. पुढची पायरी म्हणजे हा दुभाष्या मुख्य चिपच्या अगदीं शेजारीं एकाच बैठकीवर बसविणें. तसें केल्यानें तांब्याची उरलेली वाट फारच तोकडी होते. एनव्हिडिया कंपनीनें मार्च २०२५ मध्यें असें यंत्र जाहीर केलें, व वीज साडेतीन पट काटकसरीनें वापरली जाते असें सांगितलें. हा कंपनीचा स्वतःचा हिशेब आहे, हें लक्षांत ठेवावें.

हें सर्व दूरच्या इमारतींत चालतें. त्याचें आम्हांस काय, असें कोणी पुसेल. रात्रीच्या पाळीची वीज धरून पिकास पाणी दिल्याची आठवण आपल्यांतील पुष्कळ शेतकरी कुटुंबांस असेल. विजेच्या प्रत्येक युनिटाचें मोल त्यांस कोणी शिकवावें लागत नाहीं. जगांतील डेटा सेंटरांनीं २०२४ सालीं जगाच्या एकूण विजेपैकीं सुमारें दीड टक्का वीज खाल्ली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. आणि हा वांटा वाढत आहे. तेव्हां निरोपाच्या वाहतुकींत वांचलेली वीज ही खरोखरीची बचत होय.

परंतु येथें एक सावधगिरीची सूचना आम्हांस कर्तव्य वाटते. इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनीं १८६५ सालीं दाखविलें कीं, कोळसा थोडा जाळणारीं यंत्रें निघालीं म्हणून देशाचा कोळसा वांचत नाहीं. यंत्रें स्वस्त होऊन अधिक चालूं लागतात व कोळसा पूर्वींहून अधिक खपतो. प्रकाशवाटांचेंहि तसेंच होऊं शकतें. यंत्रांत काटकसर आणणें हें शास्त्राचें काम. ती काटकसर टिकविणें हें वापरणाऱ्याच्या विवेकाचें काम. अपवर्तन व परावर्तन हे पाठ आमचे विद्यार्थी केवळ परीक्षेपुरते न वाचतील, तर पहिल्या कामींहि त्यांच्यापैकीं कोणी हातभार लावील. दुसऱ्या कामाचा आरंभ मात्र प्रत्येक घरीं आजच करितां येण्याजोगा आहे.