स्वनिर्मित वीजपुरवठा-संचातील दोष कसा शोधावा
(सामान्य विज्ञान : इयत्ता सातवी)

उद्देश : शाळेतील लहान रेडिओ घटांऐवजी विजेवर चालावा म्हणून काही हौशी शिक्षक वीजपुरवठा-संच स्वतःच जुळवितात. तो बिघडला म्हणजे एकेक भाग अंदाजाने बदलून पाहण्याकडे मनाचा कल होतो. त्यात पैसा तर जातोच. शिवाय विद्यार्थ्यांपुढे तर्काऐवजी चाचपडण्याचा कित्ता ठेवला जातो. दोषाचा शोध क्रमाने कसा घ्यावा, हे या पाठात दाखविले आहे.

रचना : रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा दाब १२ व्होल्टवर उतरवितो. चार डायोडांचा सेतू प्रत्यावर्ती प्रवाहाला एका दिशेने वाहावयास लावतो. १००० मायक्रोफॅरडचे संधारित्र दोन लाटांमधील खळगा भरून काढते. शेवटी ७८०९ हा रेग्युलेटर स्थिर ९ व्होल्ट देतो. मात्र त्याकरिता त्याच्या प्रवेशाशी सुमारे ११ व्होल्ट सतत मिळावयास हवेत.

दक्षता : २३० व्होल्टची बाजू वितळतारेसह बंद पेटीत असावी. तिला विद्यार्थ्यांचा हात कदापि लागू देऊ नये. जोडणीला हात लावण्यापूर्वी केवळ बटण बंद न करता प्लग काढून घ्यावा. नंतर १००० ओहमचा रोध संधारित्राच्या दोन टोकांस सुमारे दहा सेकंद लावून साठलेला भार नाहीसा करावा. मोजमाप शिक्षकाने करावे. नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी.

उदाहरण : समजा, संच रेडिओस जोडला असता मोठी घरघर ऐकू येते. रेडिओ सोडवून मोजल्यास मात्र शेवटी बरोबर ९ व्होल्ट दिसतात. मग दोष रेडिओचा मानावा काय? तसे लगेच मानू नये. भाराविना घेतलेले मोजमाप फसवे असते. रिकामा गाडा ओढणाऱ्या बैलाच्या बळाची परीक्षा होत नाही, तसेच हे आहे.

आता गणित करू. १२ व्होल्टच्या लाटेचा माथा सुमारे १७ व्होल्ट असतो. दोन डायोडांत मिळून सुमारे १.५ व्होल्ट खर्च होऊन संधारित्रावर १५.५ व्होल्ट उरतात. रेडिओ ०.३ अँपिअर प्रवाह घेतो असे धरू. चारही डायोड चांगले असता संधारित्र सेकंदास १०० वेळा भरते. दोन भरण्यांमधील १/१०० सेकंदात दाब सुमारे ३ व्होल्टने उतरून १२.५ होतो, व रेग्युलेटरचे काम निर्वेध चालते. एक डायोड तुटल्यास भरणे सेकंदास ५० वेळाच होते. उतार दुप्पट, म्हणजे ६ व्होल्टचा होऊन दाब ९.५ पर्यंत खाली येतो. तो ११ पेक्षा कमी असल्याने प्रत्येक लाटेस रेग्युलेटर उघडा पडतो, आणि तीच घरघर कानी येते. मीटर सरासरी दाखवीत असल्याने ही घसरण त्यावर स्पष्ट दिसत नाही.

खात्री : प्लग काढून, भार नाहीसा करून, रोहित्राकडून सेतूस येणाऱ्या दोन तारांपैकी एक सोडवावी. ती न सोडविल्यास रोहित्राच्या वेटोळ्यातून दुसरी वाट मिळते व तुटलेला डायोडही चांगला भासतो. मग मीटरच्या डायोड-खुणेवर प्रत्येक डायोड तपासावा. चांगला डायोड एका दिशेने सुमारे ०.६ व्होल्ट दाखवितो, उलट दिशेने काहीच नाही. दोन्ही दिशांनी काहीच न दिसल्यास डायोड तुटलेला, किंवा त्याचा डाख कच्चा, असे समजावे. प्रथम डाख पुन्हा द्यावा. मगच डायोड बदलावा. चारही निर्दोष ठरल्यास संशय जुन्या संधारित्रावर घ्यावा. नवे बसविताना त्याची धन व ऋण टोके पाहून घ्यावीत. उलट जोडलेले संधारित्र तापून फुटते.

विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न :
१. रेडिओ न जोडता घेतलेले मोजमाप पुरेसे का नाही?
२. रेडिओचा प्रवाह ०.१ अँपिअर असता, एक डायोड तुटूनही घरघर येईल काय? गणिताने दाखवा.

दुसऱ्या प्रश्नात दाब केवळ २ व्होल्टने उतरतो; म्हणून घरघर येणार नाही, परंतु दोष तेथे असेलच. दोष दिसत नाही म्हणजे तो नाही असे नव्हे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले म्हणजे पाठाचे सार्थक झाले.