रडायचं थांबलं म्हणजे रमलं?

आईबापांनो, दिवाळी उरकली की तुमच्यातले कितीतरी जण गुजरातकडे ऊसतोडीला निघता. मुकादमाची उचल घेतलेली असते, गाडीची वेळ ठरलेली असते, आणि घरात एक मूल असं असतं की त्याला हे सांगायचं कसं, याचाच सगळ्यांना धसका बसलेला असतो. बाकीची भावंडं आजीजवळ राहतात. हे मात्र पायाला मिठी मारील, श्वास कोंडेपर्यंत रडेल, अंगणात लोळण घेईल. मग कोणीतरी सुचवतं, ‘झोपलं की निघा.’ जूनमध्ये आश्रमशाळेच्या ओट्यावरही तेच होतं. ‘जा, पाणी पिऊन ये,’ म्हणून पोराला नळाकडे धाडायचं आणि तेवढ्यात बापाने फाटकाबाहेर पडायचं.

यात तुमचं प्रेम कमी आहे असं मी म्हणणार नाही. त्याचं रडणं तुम्हाला बघवत नाही, म्हणूनच तुम्ही चोरपावलांनी जाता. पण ज्या मुलाला सगळंच इतरांपेक्षा जास्त लागतं, त्याच्यासाठी ही वाट फार महाग पडते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, की लाडावून ठेवल्यामुळे ते असं झालं. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ पतिपत्नींनी १९५६ पासून शंभराहून अधिक मुलांचा तान्हेपणापासून वर्षानुवर्षं मागोवा घेतला. काही मुलं जन्मापासूनच जोरात रडतात, जोरात हसतात, नव्या माणसाला नि नव्या जागेला लवकर सरावत नाहीत. त्यांनी ज्यांना अवघड स्वभावाची म्हटलं, अशी मुलं साधारण दहात एक होती. पुढे कोणाचं बरं झालं नि कोणाचं बिघडलं, हे नुसत्या स्वभावावर ठरलं नाही. घरच्यांचं वागणं त्या स्वभावाशी जुळलं का, यावर ते ठरलं.

आणि हा स्वभाव म्हणजे नुसता त्रासच, असंही नाही. केनियातल्या मसाई लोकांमध्ये मार्टेन डिव्रीस या संशोधकाने काही तान्ह्या बाळांचे स्वभाव नोंदवले होते. मग मोठा दुष्काळ पडला. शांत, गुणी बाळं जास्त तगली असतील असं कोणालाही वाटेल. झालं उलटं. किरकिरी, आरडाओरडा करणारी बाळं जास्त वाचली. पाहिलेली मुलं अगदी मोजकीच होती, त्यामुळे त्यावरून नियम काढता येणार नाही. पण कारण कळण्यासारखं आहे : जे बाळ ओरडतं त्याला आई पुन्हा पुन्हा छातीशी धरते. ज्या आपल्या डोंगरात कुपोषणाची चिंता अजून सरलेली नाही, तिथे मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. गप्प पडून राहणाऱ्या बाळाकडे जास्त लक्ष द्या. ओरडणारं निदान सांगतं तरी.

आता पुन्हा त्या ऊसतोडीच्या गाडीकडे येते. ‘दोन दिवस रडला, मग रमला,’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! पूर्वी इंग्लंडमधल्या दवाखान्यांतही हेच म्हणत. मुलाला भरती केलं की आईबापांना भेटायला फार थोडा वेळ मिळे, कारण ते आले की मूल रडतं. जेम्स रॉबर्टसन नावाचे समाजसेवक जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर काम करत. त्यांनी १९५२ मध्ये आठ दिवस दवाखान्यात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. अशा मुलांचं निरीक्षण करून त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. आधी मूल आकांत करतं. मग खचतं, कोपऱ्यात बसून राहतं. तिसऱ्या पायरीवर ते खातं, खेळतं, हसतंसुद्धा. पण आई आली तर तिच्याकडे पाठ फिरवतं. परिचारिकांना वाटे, रमलं. मुलाने खरं तर वाट बघणं सोडून दिलेलं असे. पुढे १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने आईबापांना मुलांना केव्हाही भेटू द्यावं, अशी शिफारस केली.

म्हणून होळीला घरी आल्यावर पोर जवळ येत नसेल, तर ‘विसरला आम्हाला’ म्हणून हसू नका, नि रागावूही नका. जवळपास राहा. दोन-चार दिवसांनी त्याचा राग बाहेर पडेल, भाकरीच्या तुकड्यावरूनही पडेल. तो पडू द्या.

जायच्या आधी मात्र खरं सांगा. गाडी यायच्या चार-पाच दिवस आधी, घरच्या बोलीत, दिवसाउजेडी. किती महिने हे त्याला कळत नाही. भोंगऱ्याचा बाजार कळतो, होळी कळते. ‘होळीला येऊ’ म्हणा, पण खरोखर येणार असाल तरच. कोण जेवायला घालील, रात्री कोणाजवळ झोपायचं, हे त्या माणसाला समोर बसवून ठरवा. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा जवळ राहू द्या. डोंगरात रेंजचा भरवसा नाही, म्हणून फोनचा वार कबूल करू नका. असं मूल त्या वारी संध्याकाळपर्यंत फोनकडे बघत बसतं. निघताना त्याला जागं करा. ते रडेल. त्याने तुम्हाला जाताना पाहिलेलं असू द्या. न सांगता गेलात तर आई नाहीशी झाल्याचं दुःख तर होतंच, वर झोपायचीही भीती बसते.

भडका उडालेला असतो तेव्हा काय करायचं, असंही तुम्ही विचाराल. त्या वेळी समजावू नका. त्याला शब्द पोचत नाहीत. जवळ खाली बसा, आवाज उतरवा, थांबा. मारू नका, चारचौघांत नक्कल करू नका. पण प्रत्येक हट्ट पुरवायचा, असा याचा अर्थ मुळीच नाही. ‘श्यामची आई’तला श्याम पोहायला घाबरून लपून बसतो. आई त्याला शिमटीने मारून विहिरीवर धाडते आणि परत आल्यावर जवळ घेते. हा श्याम म्हणजे लहानपणीचे साने गुरुजी, असंच सगळं मनाला लावून घेणारं मूल. पुढे आपल्या खानदेशात अमळनेरला त्यांनी मास्तरकी केली. त्या गोष्टीतली शिमटी मला आज मान्य नाही. पण पाण्यात उतरायचंच, हा आईचा आग्रह आणि नंतरचं जवळ घेणं, दोन्ही हवंच.

आग्रह धरा, पण पायरीपायरीने. काठी गावच्या राजवाडी होळीचंच घ्या. रात्रभर ढोल, पहाटे पेटणारी होळी, मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे नि घुंगरू बांधून नाचणारी माणसं. काही मुलं तिथे कान झाकून किंचाळतात आणि आपण म्हणतो, भित्रं आहे. नाचणारा मोठा माणूस नवस धरून किती दिवस व्रत पाळतो, तयारी करतो! पोराला मात्र आपण थेट गर्दीच्या मध्यात उभं करतो. आदल्या दिवशी ढोलाला हात लावू द्या, टोप बांधताना बघू द्या. रात्री लांब उभे राहा. पुढच्या वर्षी ते आपण होऊन दोन पावलं पुढे जाईल.

एक गोष्ट मात्र स्वभावावर ढकलू नका. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तान्ह्याच्या हातापायांच्या बोटांवर सूज, मोठ्या पोराचे हातपाय वारंवार दुखणं, डोळे पिवळे दिसणं, असं असेल तर ती किरकिर दुखण्याची आहे. मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त तपासून घ्या. एरवी शांत असलेलं पोर अचानक चिडचिडं झालं तरीही न्या. भगताकडे, बडव्याकडे गेला असाल तरी दवाखाना चुकवू नका.

आणि शाळा. घरी भिली किंवा पावरी बोलणारं मूल पहिलीत एकदम मराठीत जाऊन पडतं. धीट मुलं चुका करत शिकतात. हे मूल चूक होईल या भीतीने तोंडच उघडत नाही, मग त्याला ‘मठ्ठ’ म्हटलं जातं. म्हणून प्रवेशाच्या दिवशी फॉर्म भरून झाला की अधीक्षिकाबाईंशी आणि वर्गशिक्षकांशी दहा मिनिटं बोला. ते कशाने बिथरतं, कशाने शांत होतं, रात्री अंधारात झोपतं की दिवा लागतो, गावातलं ओळखीचं मोठं पोर कोणत्या वर्गात आहे, त्याच्या शेजारी गादी मिळेल का, हे सगळं विचारा नि सांगा. बोलताना मूल जवळ नको, त्याला ते ऐकून लाज वाटते. बोलणं झालं की त्याच्याकडे परत या, किती दिवसांनी भेटायला येणार ते सांगा, आणि मगच फाटकाकडे निघा.